महाडच्या बाजारातला चहा

न्याय्य व्यापाराची चर्चा निघाली की चहामळ्यातल्या मजुराच्या पदरात काय पडते, हे विचारले जाते. ते विचारलेच पाहिजे. पण सावित्रीकाठच्या महाड बाजारपेठेत, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, खिशात पैसा असूनही अस्पृश्याला चहा मिळत नव्हता. गिऱ्हाईक होण्याचा हक्कसुद्धा जातीने राखून ठेवला होता. (पैशाला विटाळ नव्हता, हे वेगळे!)

या कोंडीतून अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले. त्यामागे रा. बा. मोरे यांची खटपट होती. खेड्यापाड्यांतून बाजाराला आलेली माणसे तेथे टेकत, गाऱ्हाणी मांडत. मोरे ती कागदावर उतरवत. धंदा चालता चालता दुकानाची कचेरी झाली. १९२७ च्या परिषदेच्या जुळवाजुळवीत हेच मोरे आघाडीवर होते.

चहाच्या आधी पाणी लागते. नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरी परिषदेसाठी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि परतताना लाठ्या खाल्ल्या. त्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला १७ मार्च १९३७ उजाडला.