व्हॉल्व्ह बदलून पाहण्याची रीत

‘रेडिओतला व्हॉल्व्ह गेला’ हे वाक्य एके काळी घरोघरी ऐकू येत असे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका, पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदापुरता उरला. तो पूर्णपणे गेला मात्र नाही. हेडफोनवर संगीत ऐकणारे अनेक हौशी लोक आजही व्हॉल्व्हचे छोटे प्रवर्धक वापरतात. त्यांत १९५० किंवा १९६० च्या दशकात बनलेले व्हॉल्व्ह हौसेने मिळवून बसवतात, एक काढून दुसरा लावतात आणि आवाजात काय फरक पडला याची चर्चा करतात.

या छंदात शिक्षकांच्या उपयोगाचे काय आहे? आमच्या मते दोन प्रश्न आहेत. बिघडणारा भाग असा सहज काढता-घालता येईल असा का बनवला गेला? आणि एक भाग काढून दुसरा लावला व फरक पडला, तर त्यावरून आपल्याला नेमके काय कळते? दुसरा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. प्रयोगशाळेतही आपण याच रीतीने विचार करतो आणि तेथेही याच ठिकाणी फसतो.

सुरुवात कानापासून

विजेच्या दिव्याची काच आतून काळी का पडते याचा शोध घेताना, १८८० नंतरच्या काही वर्षांत, थॉमस एडिसनला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दिव्याच्या आत आणखी एक धातूची पट्टी बसवून ती धन टोकाला जोडली, तर तापलेली तार आणि पट्टी यांच्यामधल्या पोकळीतून वीज वाहते. पट्टी ऋण टोकाला जोडली तर वाहत नाही. तेव्हा याचे कारण सांगता येणे शक्य नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ साली.

१९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंगने हाच परिणाम रेडिओलहरी ओळखण्यासाठी वापरला. सायकलच्या ट्यूबमधली झडप हवा एकाच दिशेने जाऊ देते, तशी ही नळी वीज एकाच दिशेने जाऊ देते. म्हणून तिचे नाव व्हॉल्व्ह. दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तापणारी तार आणि पट्टी यांच्यामध्ये तिसरा भाग बसवला. ही जाळी. जाळीवरच्या विभवात थोडासा बदल केला की पट्टीकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो. प्रवर्धनाचे मूळ येथे आहे. डी फॉरेस्टने या नळीला ‘ऑडियन’ असे नाव दिले.

त्या काळी रेडिओला लाऊडस्पीकर नव्हता. संकेत ऐकायचे ते कानाला लावलेल्या फोनमधून. म्हणजे व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांची जोडी नवी नाही. तीच सर्वांत जुनी आहे.

ऑडियन मात्र बेभरवशाची होती. तिची तार लवकर जळे, म्हणून पुष्कळ ऑडियनमध्ये दोन तारा बसवलेल्या असत. एक जळाली की दुसरी जोडायची. शिवाय एकाच प्रकारच्या दोन ऑडियन सारख्या वागतील याची खात्री नसे. नळीत थोडा वायू शिल्लक असणे आवश्यकच आहे, अशी खुद्द डी फॉरेस्टची समजूत होती. १९१२-१३ च्या सुमारास हॅरॉल्ड अर्नोल्ड आणि अर्व्हिंग लँगम्यूर या दोघांनी स्वतंत्रपणे ओळखले की हा वायूच अस्थिरतेचे कारण आहे. नळीतली हवा जवळजवळ पूर्णपणे काढून टाकताच तिचे वागणे स्थिर झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ही पायरी फार महत्त्वाची आहे. एका प्रकारचे सर्व व्हॉल्व्ह पुरेसे सारखे असतील, तरच ‘हा काढून तो लावून पाहा’ या कृतीला अर्थ आहे. दोन वजनमापे सारखी नसतील तर वजने बदलून तराजूचा दोष सापडत नाही. तसेच हे.

जाणारा भाग, म्हणून निघणारा भाग

व्हॉल्व्ह जातो तो त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत म्हणून ऋणाग्र सतत तापलेले ठेवावे लागते. नेहमीच्या रेडिओ-व्हॉल्व्हमध्ये ऋणाग्रावर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा थर असतो आणि तो सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसला काम करतो. हा थर हळूहळू झिजतो. प्रत्येक वेळी चालू-बंद करताना आतली तार प्रसरण-आकुंचन पावते. काचेला बारीक चीर गेली तर हवा आत शिरते.

या शेवटच्या बिघाडाची खूण काचेतच दिसते. जुन्या व्हॉल्व्हच्या टोकाशी आतून चांदीसारखा चकचकीत थर असतो. तो बेरियमचा. आत उरलेले वायूचे रेणू शोषून घेणे हे त्याचे काम. हवा शिरली की बेरियमचे ऑक्साइड होते आणि चकचकीत थर दुधासारखा पांढरा पडतो. असा व्हॉल्व्ह कोठेही लावून पाहण्याची गरज नाही. तो गेलेलाच आहे.

थोडक्यात, उपकरणाचे इतर भाग जेथे डाख देऊन जोडत, तेथे व्हॉल्व्हसाठी खोबण ठेवावीच लागे. १९३५ साली अमेरिकेत आठ पिनांची बैठक आली. तिच्या मधोमध एका बाजूला उंचवटा असलेला खुंट होता, त्यामुळे व्हॉल्व्ह चुकीच्या दिशेने बसतच नसे. पुढे आलेल्या नऊ पिनांच्या लहान व्हॉल्व्हमध्ये वर्तुळावर दहा समान जागा कल्पून नऊंवर पिना बसवल्या आणि दहावी मोकळी सोडली. अंधारात चाचपडतानाही ती मोकळी जागा बोटाला कळते.

दिवाळीची माळ

अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झालेल्या एका प्रकारच्या रेडिओत पाच व्हॉल्व्ह असत आणि त्यांच्या तापतारा एकसरीत जोडलेल्या असत. एकाला ५० व्होल्ट, दुसऱ्याला ३५ आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी १२ च्या आसपास. एकूण बेरीज १२१, म्हणजे तेथील घरगुती विजेच्या दाबाएवढी. ट्रान्सफॉर्मरची गरज नाही, म्हणून रेडिओ स्वस्त. पण दिवाळीच्या जुन्या माळेचे जे होते तेच याचे. एक तार तुटली की पाचही विझतात.

मग गेलेला कोणता हे कसे ओळखायचे? एक चांगला व्हॉल्व्ह घेऊन क्रमाने प्रत्येकाच्या जागी लावायचा, असे विद्यार्थी चटकन सांगतील. पण येथे पाचही जागा वेगवेगळ्या प्रकारच्या, म्हणून पाच निरनिराळे सुटे व्हॉल्व्ह हवेत. आणि एकाच वेळी दोन गेले असतील तर? एकेक बदलून पुन्हा जुना बसवत गेलो, तर पाचही बदलून झाले तरी रेडिओ पेटणार नाही. ‘एका वेळी एकच बदल’ हा आपला आवडता नियम ‘दोष एकच आहे’ या गृहीतकावर उभा असतो. हे गृहीतक क्वचितच उघड बोलून दाखवले जाते.

अठरा हजार व्हॉल्व्ह

रेडिओत पाच व्हॉल्व्ह. गणकयंत्रात हजारो. तेथे हीच रीत पणाला लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स याने जर्मन संदेश उलगडण्यासाठी ‘कोलोसस’ हे यंत्र बांधले. ते १९४४ च्या आरंभी ब्लेचली पार्क येथे कामाला लागले. इतके व्हॉल्व्ह एका यंत्रात टिकणार नाहीत, अशी अनेकांना शंका होती. फ्लॉवर्सला टेलिफोन केंद्रांचा अनुभव होता. व्हॉल्व्ह एकदा चालू करून तसेच तापते ठेवले तर ते फारसे जात नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेले आणि १९४६ साली जाहीर झालेले ‘एनिॲक’ यंत्र तर सुमारे १८ हजार व्हॉल्व्हचे होते. प्रेस्पर एकर्टने व्हॉल्व्ह त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी ताणावर चालवले. पुढे सांगितलेल्या आठवणींत त्याने म्हटले आहे की साधारण दोन दिवसांत एक व्हॉल्व्ह जाई आणि तो पंधरा मिनिटांत सापडे. सर्व व्हॉल्व्ह बदलून पाहणे तर अशक्यच होते. यंत्राला परिचित उदाहरण सोडवायला द्यायचे, उत्तर कोठे बिघडते ते पाहायचे आणि तेथून मागे मागे जायचे. या यंत्राच्या आज्ञावली रचणाऱ्या सहा तरुणी केवळ आराखड्यांवरून यंत्र शिकल्या होत्या. दोष नेमक्या एका व्हॉल्व्हपर्यंत नेऊन दाखवण्याइतके यंत्र त्यांना अवगत झाले होते.

‘व्हर्लविंड’ हे यंत्र बांधणाऱ्या जे फॉरेस्टरच्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी व्हॉल्व्ह जाण्याची वाटच पाहिली नाही. विद्युत्‌दाब मुद्दाम कमी-अधिक करून ते यंत्र तपासत. अशक्त झालेला व्हॉल्व्ह या परीक्षेतच नापास होई आणि खऱ्या कामाच्या वेळी दगा देण्यापूर्वी बदलला जाई. शिवाय ऋणाग्राच्या निकेलमधले सिलिकॉन व्हॉल्व्हचे आयुष्य घटवते, हेही त्यांनी शोधून काढले. नुसते बदलत राहण्याऐवजी ‘का जातो’ हे विचारल्याचे हे फळ.

आपल्याकडेही असे यंत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले आणि १९६० साली कार्यान्वित झालेले ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र सुमारे २७०० व्हॉल्व्हचे होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले ते १९६१ साली. तोपर्यंत जगभर ट्रान्झिस्टरचे दिवस सुरू झाले होते.

डावा कान, उजवा कान

आता हेडफोनच्या प्रवर्धकाकडे वळू. समजा, डाव्या कानासाठी एक आणि उजव्या कानासाठी एक असे दोन सारखे व्हॉल्व्ह आहेत आणि डावीकडे खरखर ऐकू येते. येथे सुटा व्हॉल्व्हही लागत नाही. प्रवर्धक बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, दोघांची अदलाबदल करायची. खरखर उजवीकडे गेली, तर दोष व्हॉल्व्हबरोबर गेला, म्हणून दोष व्हॉल्व्हचा. ती डावीकडेच राहिली, तर व्हॉल्व्ह निर्दोष आणि दोष अन्यत्र. एकाच कृतीतून दोन्ही बाजूंचा पुरावा. उजवी बाजू येथे नियंत्रकाचे, तुलनेच्या मापाचे काम करते.

पण तिसरीही शक्यता आहे. खरखर नाहीशीच होते. मग ‘व्हॉल्व्ह बदलला म्हणून सुधारले’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि नवा व्हॉल्व्ह तर आणलेलाच नाही! बहुधा पिनांवर चढलेला मळ काढता-घालताना घासला गेलेला असतो. काही आठवड्यांनी खरखर परत येते. बदल आणि सुधारणा एकापाठोपाठ आल्या, तरी बदलातला नेमका कोणता भाग कारण ठरला हे वेगळे शोधावे लागते.

चौथी परिस्थिती अधिक खर्चाची आहे. नवा व्हॉल्व्ह लावताच आवाज सुधारतो, पण थोड्याच दिवसांत तोही जातो. जुन्या उपकरणांत पहिल्या व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे संकेत नेणारा कंडेन्सर कालांतराने गळू लागतो. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको ते धन विभव येते, प्रवाह वाढतो आणि व्हॉल्व्ह तापून मरतो. मेलेला व्हॉल्व्ह हा येथे परिणाम आहे, कारण नव्हे.

बैठक जुळली म्हणजे सारे जुळले, असेही नाही. ‘ईसीसी ८३’ आणि ‘ईसीसी ८८’ हे दोन्ही नऊ पिनांचे, दोन्हीत दोन-दोन त्रयाग्र. ‘ई’ या अक्षराचा युरोपीय पद्धतीतील अर्थ तापतारेला ६.३ व्होल्ट. पण ईसीसी ८३ ची तार मधोमध नवव्या पिनेला जोडलेली असते, म्हणून ती १२.६ व्होल्टवरही चालवता येते. अमेरिकन पद्धतीत त्याचे नाव ‘१२ एएक्स ७’ असे १२ ने सुरू होते ते त्यामुळेच. ईसीसी ८८ मध्ये नववी पिन केवळ आतल्या पडद्याची आहे. १२.६ व्होल्टसाठी जोडलेल्या खोबणीत तो बसवला, तर त्याच्या तारेवर दुप्पट दाब येईल. खोबण तक्रार करणार नाही. तार जळेल.

आणि आवाजाचे काय? जुना व्हॉल्व्ह लावला की संगीत ‘खुलते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. व्हॉल्व्हव्हॉल्व्हमध्ये फरक असतो हे खरे. कोणाची खरखर अधिक, कोणी हलक्या टिचकीनेही घणघणतो. पण ‘१२ एयू ७’ चा प्रवर्धनांक २० च्या आत-बाहेर, तर १२ एएक्स ७ चा १००. पिना त्याच. पहिला काढून दुसरा लावला तर आवाज मोठा होईल, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. म्हणून आधी दोघांची पातळी मोजून सारखी करावी. मग कोणता व्हॉल्व्ह लावला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता त्याचे मत घ्यावे. तरीही तो प्रत्येक वेळी बरोबर ओळखत असेल, तर फरक मान्य करू. किंमत आणि काचेवरचे छापील नाव यांना मात्र कान नसतात.

वर्गात करण्यासाठी

व्हॉल्व्हच्या उपकरणात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो टिकून राहतो. म्हणून ते वर्गात उघडू नये. हीच रीत दोन सारख्या साध्या बॅटऱ्यांवर शिकवता येते. एकीत जुना सेल किंवा गेलेला बल्ब घालून ठेवा, दुसरी चांगली. प्रत्येक अदलाबदलीपूर्वी विद्यार्थ्यांनी ‘असे झाले तर हा निष्कर्ष, तसे झाले तर तो’ हे वहीत लिहायचे आणि मगच भाग बदलायचे. दुसऱ्या तासाला, न सांगता, सेल आणि बल्ब दोन्ही सदोष ठेवा. पहिल्या तासाची पद्धत कोठे अडते आणि का, हे मुलेच शोधून काढतील. ते त्यांना सापडेपर्यंत उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये.