तीन गाड्या आणि खारा वारा

मोटार घ्यायची ठरली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : 'कोणती गाडी चांगली?' आम्हांला वाटते, या प्रश्नात एक शब्द कमी आहे. 'कुठे चांगली?' असे विचारायला हवे. रत्नागिरीचे उदाहरण घेऊन आपण हे पाहू.

१९५३ मध्ये केंद्र सरकारने ठरवले, की सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशात बनवण्याची तयारी असेल, त्याच कारखान्यांनी मोटारी काढाव्यात. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मुंबईत शिवडीला असलेला जनरल मोटर्सचा कारखानाही त्यात बंद झाला. त्यानंतर १९६०च्या दशकात कुटुंबासाठी डिकीची गाडी घ्यायची, तर मुख्यतः तीनच नावे समोर येत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याला बनणारी फियाट ११००. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे बनणारी हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर. आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, अँबॅसडरचे १४८९चे. म्हणजे एक हलकी आणि आटोपशीर, तर दुसरी जड आणि ऐसपैस.

मुंबईच्या टॅक्सी फियाट होत्या, कलकत्त्याच्या अँबॅसडर. एकाच देशातल्या गिऱ्हाइकांचे मत इतके वेगळे कसे? कारखाना जवळ असला की सुटे भाग लवकर मिळतात आणि ते बसवणारे कारागीरही तयार होतात. गाडीचा 'चांगलेपणा' काही अंशी असा गाडीच्या बाहेर असतो.

दर्जाबद्दल तक्रारी मात्र सर्वत्र होत्या. १९६७ मध्ये सरकारला मोटारींच्या दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये तिन्ही गाड्यांच्या किमती सरकारी आदेशाने ठरल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नाव नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबत असेल, तर दर्जा सुधारण्याची निकड कारखान्याला का वाटावी?

आता रत्नागिरीकडे वळू. १९९०चे दशक उजाडेपर्यंत येथे रेल्वे नव्हती. रोहा ते मंगळूर असा कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. कोल्हापूरला जायचे तर साखरप्यावरून आंबा घाट चढावा लागतो. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालते. इंजिन जोरात फिरून उष्णता भरपूर निर्माण होते, पण वेग कमी असल्याने रेडिएटरमधून वारा पुरेसा जात नाही. मग पाणी उकळू लागते. सपाटीवर निर्धास्त धावणारी गाडी घाटात थांबून वाफा सोडते, ती यामुळेच.

दुसरी परीक्षा हवेची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण आणतो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतात. पाण्यात मीठ असले की ते विजेचे चांगले वाहक बनते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते. शिवाय मीठ हवेतला ओलावा शोषते, म्हणून पत्रा लवकर सुकत नाही. चाकांवरचे मडगार्ड, दारांच्या खालच्या कडा, गाडीचा तळ, जिथे चिखल साचतो तिथे गंज आधी धरतो. या तिन्ही गाड्यांच्या काळात जस्ताचा लेप दिलेला पत्रा मोटारींत सर्रास वापरला जात नव्हता. त्यामुळे एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन जुळ्या गाड्यांपैकी सोलापूरची गाडी धडधाकट राहावी आणि रत्नागिरीची डेंटिंगवाल्याकडे जावी, यात नवल नव्हते. दर्जातला हा फरक कारखान्यातला नव्हे, हवेतला.

विद्यार्थ्यांना हे वर्गात दाखवता येईल. तीन सारखे खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत बंद करा, दुसरा साध्या पाण्याने आणि तिसरा मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या कापसात ठेवा. कापूस रोज ओला करा आणि आठवडाभर नोंदी ठेवा. खिळे एकाच पुड्यातले असले, तरी त्यांची अवस्था निराळी झालेली दिसेल.

२०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये पद्मिनी, म्हणजे नाव बदललेली तीच फियाट, मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. आज निवडीला गाड्या पुष्कळ आहेत. पण रत्नागिरीच्या कुटुंबाने किंमत आणि मायलेज यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : पत्र्याला गंजरोधक लेप कोणता आणि सुटे भाग कुठे मिळतात? शिवाय पावसाळ्यानंतर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, हे आहेच.