न झिजणारे आम्ल

रशियातील सेंट पीटर्सबर्ग नगरात १८११ च्या सुमारास गॉटलीब किर्खहोफ नावाच्या रसायनज्ञाने पिष्ट पाण्यात कालवून, त्यात थोडे गंधकाम्ल घालून ते उकळले. पिष्टाची साखर झाली. परंतु खरे नवल पुढेच होते. जेवढे आम्ल घातले होते तेवढेच अखेरीस शिल्लक राहिले. काम सारे त्याने घडविले आणि स्वतः मात्र तिळभरही झिजले नाही. अशा घटनांना स्वीडनच्या बर्झीलियसने १८३५ साली ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. मराठीत त्यास उत्प्रेरण म्हणतात.

तथापि किर्खहोफच्या भांड्यातच एक अडचण दडलेली होती. आम्ल साखरेच्या पाण्यात विरघळलेले होते. ते काढावयाचे तर खडूची पूड घालून त्यास मारावे लागे. म्हणजे जे झिजले नाही, तेच शेवटी वाया जाई. विरघळणारच नाही आणि गाळून परत घेता येईल असे आम्ल मिळाले तर? रसायनशास्त्राच्या एका मोठ्या वाटचालीमागे हा प्रश्न आहे.

या वाटचालीत अलीकडे ज्याकडे लक्ष वेधले आहे तो अमाइड बंध होय. कार्ल्सबाड येथील सभेत १९०२ साली एमिल फिशर व फ्रान्झ हॉफमाइस्टर या दोघांनी, एकाच दिवशी परंतु स्वतंत्रपणे, प्रथिनांच्या साखळ्या याच बंधाने जोडलेल्या असतात असे प्रतिपादिले. रेशीम आणि लोकर यांत तो आहे. १९३५ साली कॅरोथर्सने निर्मिलेल्या नायलॉनमध्ये तो आहे. तापावरच्या पॅरासिटॅमॉलमध्येही तो आहे.

कागदावर हा बंध अगदी सोपा दिसतो. कार्बॉक्सिलिक आम्ल आणि अमाइन एकत्र यावे, मधून पाण्याचा एक रेणू निघून जावा, झाले! प्रत्यक्षात मात्र दोघे भेटताच त्यांचे लवण बनते आणि पुढचे काम अडून राहते. ते पुढे रेटावयाचे तर बहुधा १६० अंश सेल्सिअस वा त्याहूनही अधिक उष्णता द्यावी लागते. नाजूक औषधी रेणूंना ती सोसत नाही.

यावर १९५५ साली शीहान व हेस या अमेरिकन रसायनज्ञांनी एक तोडगा काढला. डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड नावाचे द्रव्य ते पाणी स्वतःत ओढून घेते आणि साध्या तपमानात बंध जुळतो. शीहानने १९५७ साली पेनिसिलिन व्ही प्रयोगशाळेत घडविले, तेही याच द्रव्याच्या साहाय्याने. उपकार मोठा, पण त्याची किंमतही तशीच. १८ ग्रॅम पाणी काढण्यासाठी या द्रव्याचे २०६ ग्रॅम खर्ची पडतात आणि मागे २२४ ग्रॅम गाळ उरतो. औषधाबरोबर कचऱ्याचे ढीग वाढले. बड्या औषध कंपन्यांच्या एका संयुक्त मंडळाने २००७ साली अमाइड बनविण्याचा स्वच्छ मार्ग ही आपली अग्रक्रमाची गरज ठरविली, ती याच कारणाने.

दरम्यान घन आम्लांचे शास्त्र दुसऱ्याच क्षेत्रात वाढले होते. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात आम्लाने संस्कारिलेल्या मातीवर खनिज तेलाचे जड रेणू फोडले. १९६२ पासून त्या मातीची जागा झिओलाइट खनिजांनी घेतली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झालेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० नंतरच्या दशकात वडोदऱ्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात कामी लागला.

अमाइडसाठी हा मार्ग नव्या शतकात रुळू लागला. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात २००९ साली, ७०० अंशांवर तापवून सिद्ध केलेल्या साध्या सिलिकाने आम्ल व अमाइन यांचा थेट संयोग घडविला. २०११ साली इराणच्या शिराज विद्यापीठातून गंधकाम्लाचा संस्कार केलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर, द्रावकावाचून, मेदाम्लांचे अमाइड बनविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

कण सूक्ष्म का हवेत? काम पृष्ठभागावर चालते म्हणून. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर तो ६०० चौरस मीटर होतो. या पृष्ठभागावरील धातूचा अणू आम्लरेणूतील ऑक्सिजनला धरतो. त्यामुळे शेजारचा कार्बन अमाइनला सहज वश होतो. मग बंध जुळतो, पाणी सुटते आणि कण पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो.

अर्थात सारे साधले असे नव्हे. घन आम्ल फार तीव्र असेल तर ते अमाइनलाच पकडून बसते. सुटलेले पाणी वेळीच काढले नाही तर कामास खीळ बसते. फार बारीक कण गुठळ्या धरतात, गाळण्यास त्रास देतात. उष्णता तर अजूनही लागतेच. म्हणून औषधी कारखान्यांत जुनी खर्चिक द्रव्ये आजही चालू आहेत.

तरीही हा शोध केवळ विद्वानांच्या हौसेचा नव्हे. कारखान्यात उरलेला गाळ कोठे तरी टाकावाच लागतो, आणि तो टाकण्याचा खर्च औषधाच्या किमतीत मिळविला जातो, नाही तर नदीकाठच्या गावांना भरावा लागतो. आम्ल झिजत नाही, हे किर्खहोफच्या काळीच कळले होते. ते वायाही जाऊ नये, एवढ्यासाठी माणसाची खटपट अद्याप चालू आहे.