शब्दवेध : प्रायमेट

लॅटिन ‘प्रिमस’ म्हणजे पहिला. त्यातून आलेला ‘प्रायमेट’ चर्चमधल्या सर्वोच्च बिशपसाठी रुळला होता. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनिअसने १७५८ मध्ये तो सस्तन प्राण्यांच्या अव्वल गणाला दिला आणि माणसाला माकडांच्या पंगतीत बसवलं. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. मराठीत हा नरवानर गण. वरचे चार पुढचे दात, छातीवर दोन स्तन या लिनिअसच्या निकषांवर त्यात वटवाघूळही शिरलं होतं. पुढे ते वगळलं गेलं. आता पकड घेणारे हातपाय, समोर रोखलेले डोळे, त्यांभोवती हाडाचं कडं, देहाच्या मानाने मोठा मेंदू आणि चपटी नखं, असं सगळं मिळून पाहतात. दक्षिण सह्याद्रीतला लाजवंती (स्लेंडर लोरिस) हा नरवानर बघा: बोटांवर आपल्यासारखी नखं, मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटावर मात्र अंग विंचरायला अणकुचीदार नखी.