जिंकूनही बाद ठरलेली जोडहोडी

१/७
जून १८७६. अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कजवळ शिडाच्या नौकांची शर्यत भरली होती. तीत जेमतेम २५ फुटांची एक विचित्र होडी उतरली: 'अमॅरिलिस'. दोन निमुळत्या होड्या समांतर ठेवून वर आडव्या वाशांनी जोडलेल्या, आणि मध्ये शीड.

२/७
तिचा कर्ता नॅथनेल हेरशॉफ, वय २८, ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल गावचा. त्या काळी शिडाची नौका वाऱ्याने कलंडू नये म्हणून तिच्या तळाशी नीरम भरत. म्हणजे दगड, लोखंड किंवा शिशाचे वजन. पण वजन वाढले की नौका पाण्यात अधिक रुतते आणि वेग मंदावतो.

३/७
हेरशॉफने तोल वजनातून नव्हे, रुंदीतून साधला. वारा एक बाजू उचलू लागला की दूर असलेली दुसरी बाजू होडीला आधार देते. नीरम नको, म्हणून होडी हलकी. निमुळती, म्हणून पाण्याचा अडथळा कमी. उणीव एकच: अशी होडी पूर्ण उलटली, तर आपणहून सरळ होत नाही.

४/७
'अमॅरिलिस'ने प्रतिस्पर्ध्यांना सहज मागे टाकले. त्यांनी हरकत घेतली आणि ती अपात्र ठरली. पुढे अशा होड्यांना नेहमीच्या शर्यतींची दारे बंदच राहिली.

५/७
१८७७ मध्ये हेरशॉफने या रचनेचे पेटंट घेतले. परंतु शर्यतीत स्थान नसलेल्या होडीला ग्राहक किती मिळणार? तो एकअंगी नौकांकडे वळला. १८९३ ते १९२० या काळात त्याच्याच नौकांनी 'अमेरिकाज कप' सहा वेळा राखला.

६/७
वस्तुतः ही कल्पना जुनीच होती. पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून प्रशांत महासागर ओलांडत. कोकणातला मच्छीमारही होडीच्या एका अंगाला लाकडाची उलांडी बांधून हाच तोल साधत आला आहे. 'कॅटमरान' हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला. त्याचा अर्थ बांधलेली लाकडे. मूळ कट्टुमरम मात्र जोडहोडी नव्हे, तो ओंडक्यांचा तराफा.

७/७
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लायवुड आणि फायबरग्लासमुळे हलक्या जोडहोड्या बांधणे सोपे झाले. 'टोर्नेडो' ही २० फुटांची, दोघांनी हाकायची जोडहोडी ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरली ती १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेत. 'अमॅरिलिस' बाद झाली, त्याला तेव्हा बरोबर १०० वर्षे झाली होती. या शतकात वारा आणि पाणी बदलले नव्हते. बदलले होते ते शर्यतीचे नियम.