बीजसंस्काराची परंपरा आणि मुदत संपलेले संगणक



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मय किंवा शिंदेशाहीचा इतिहास निवडावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज ज्यांची देखभाल बंद झाली आहे अशा संगणक-प्रणालींविषयी बोलणार आहे. विषय परका वाटेल. परंतु उज्जयिनीत राहणाऱ्याला तो परका वाटण्याचे कारण नाही, हेच मला दाखवावयाचे आहे.

क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पुढे मोडकळीस आली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. तिचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांनी आयुष्यभर एकच आग्रह धरला : पंचांगात लिहिलेले आकाशात दिसले पाहिजे. आपल्या जुन्या ज्योतिषात यास दृक्प्रत्यय म्हणत. कोष्टके कितीही उत्तम असली तरी काळाबरोबर त्यांत अंतर पडत जाते. म्हणून वेध घेऊन त्यांना दुरुस्ती द्यावी लागते. या दुरुस्तीचे नाव बीजसंस्कार. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी तर पुढील गणकांनी वेध घेऊन आपापल्या काळी गणित सुधारून घ्यावे, असे स्वतःच सांगून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचला. तो इतका सोपा व सोयीचा ठरला की त्यावरून शतकानुशतके पंचांगे होत राहिली; आणि सोयीच्या मोहाने त्याची दुरुस्ती करण्याचे मात्र राहून गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांना १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग काढावे लागले ते यामुळेच. ग्रंथ सदोष होता असे नव्हे; त्याला सुधारणारा हात थांबला होता.

आता संगणकाकडे वळू. यंत्र सुरू होताच पडदा, कळफलक, फाइली आणि बाहेरची जोडणी यांचा सारा कारभार जी मूळ आज्ञावली हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोट्यवधी ओळींची ही रचना निर्दोष असणे शक्य नाही. दोष सापडतात, कंपनी दुरुस्ती पाठविते, आपण ती बसवून घ्यावयाची असते. हाच आधुनिक बीजसंस्कार. परंतु त्याला मुदत असते. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली. ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्यांसाठी काही मर्यादित काळाची वाढीव सोय तेवढी ठेवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच चालते, आणि फसगत होते ती येथेच. शिवाय पंचांगाचा दृष्टान्त येथे एका जागी अपुरा पडतो. आकाश आपल्याशी वैर करीत नाही. कोष्टकातील चूक शोधून कोणी ग्रह आपल्या घरात शिरत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र चुका शोधणारी माणसे टपलेली असतात. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की नव्या प्रणालीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की तिच्यावरूनच दोष कोठे होता हे जाणकारास उमगते. पुष्कळदा तोच दोष जुन्या प्रणालीतही असतो. नव्याचे दार बंद होते, त्याच क्षणी जुन्याचे दार कोठे उघडे आहे याची दवंडी पिटली जाते. आणि ते बंद करणारा कोणीही उरलेला नसतो.

याचा प्रत्यय २०१७ साली आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतःपाशी राखून ठेवलेले, विंडोजच्या एका दोषाचा लाभ घेणारे साधन त्या वर्षी १४ एप्रिल रोजी उघड झाले. दोष होता संगणकांनी आपापसांत फाइली वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेत. कंपनीने १४ मार्च रोजीच दुरुस्ती दिली होती. परंतु एक्सपी तोवर वाऱ्यावर होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू सुटला आणि सुमारे १५० देशांत पसरला. फाइली कुलूपबंद करून तो किल्लीसाठी पैसे मागे. ब्रिटनच्या रुग्णालयांतील शस्त्रक्रिया लांबल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे आणि केरळातील वायनाडच्या ग्रामपंचायतींचे संगणक अडकले. तेव्हा कोठे एक्सपीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती देण्यात आली. इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की बाधित यंत्रांत एक्सपीची थोडीच होती. बहुतेक विंडोज ७ ची होती. त्यांना दुरुस्ती उपलब्ध होऊन ५९ दिवस लोटले होते, पण ती बसविलेली नव्हती. न घेतलेले औषध आणि न मिळणारे औषध यांचा परिणाम एकच. फरक एवढाच की पहिला दोष एका दिवसात सुधारता येतो, दुसरा सुधारता येत नाही.

पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, ‘नॉटपेट्या’ने मेर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प केला, आणि त्याचा फटका न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. कंटेनरची चढउतार संगणकावाचून करण्याची पाळी आली. मेर्स्कला ४५,००० संगणकांवर सर्व काही नव्याने बसवावे लागले. हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातूनच शिरला होता. म्हणजे दुरुस्तीचा मार्गही डोळे मिटून विश्वासावा असा नाही. परंतु त्याची पुढची चाल आपल्या कामाची आहे. एका दुबळ्या यंत्रात शिरून तो तेथील परवलीचे शब्द चोरी आणि त्यांच्या बळावर शेजारच्या निकोप, अद्ययावत यंत्रांतही जाई. जुना संगणक ठेवणारा केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही. वाड्यातील एका बिऱ्हाडाने मागचे दार उघडे ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखले. देशातील अनेक एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत होती. जून २०१८ मध्ये बँकांना आदेश निघाला : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. आधार संपून तेव्हा चार वर्षे उलटली होती.

बँकांचे सोडा, आपण मराठी माणसे जुनी यंत्रे का सांभाळतो? आळस हे एक कारण, पैसा हे दुसरे. तिसरे कारण आपल्या लिपीचे आहे. नव्वदच्या दशकात पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी संगणकावर देवनागरी आणली, हे उपकार मोठे. परंतु त्या काळचे फाँट आपापल्या सांकेतिक पद्धतीने चालत. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा नुसता काला होई. युनिकोड आले तरी छापखान्यांची, कार्यालयांची आणि लेखकांची जुनी हस्तलिखिते त्या फाँटांतच राहिली, फाँट जुन्या प्रणालीत राहिले आणि प्रणाली जुन्या यंत्रात.

त्या लेखकांत मीही होतो. माळव्यातील मराठी घरांतले शब्द मी निवृत्तीनंतर जमवीत होतो. सुमारे चार हजार नोंदी एक्सपीवर, जुन्या फाँटात टंकलिखित केल्या होत्या. टपाल पाहण्यासाठी तेच यंत्र इंटरनेटला जोडलेले. दुरुस्तीच्या सोयीसाठी दुरून प्रवेश करण्याचा मार्गही कोणीतरी खुला ठेवलेला. २०१९ च्या हिवाळ्यात एके सकाळी एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. मी पैसे दिले नाहीत. पत्र्याच्या ट्रंकेत निम्म्या शब्दांच्या कागदी चिठ्ठ्या होत्या, त्या वाचल्या. उरलेले शब्द ज्या वृद्ध स्त्रियांनी मला सांगितले होते, त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. दोष मी दुसऱ्या कोणास देत नाही. चालते आहे तोवर चालू द्यावे, असे म्हणणारा मीच होतो.

म्हणून शाळेला आणि तुम्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेतील प्रत्येक संगणकावर कोणती प्रणाली आहे आणि तिचा आधार कधी संपतो, याची एक वही ठेवावी. नवे यंत्र घेणे परवडत नसेल तर बहुतेक जुन्या यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य, देखभाल चालू असलेली प्रणाली बसविता येते. एखाद्या कामासाठी जुनी प्रणाली ठेवणे भागच असेल, तर त्या यंत्राची बाहेरची जोडणी काढून टाकावी आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह त्यास लावू नये. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. दाखल्यांच्या नोंदींची एक प्रत यंत्रापासून वेगळी, कपाटात ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

वाडवडिलांचे जपणे म्हणजे त्याला हात न लावणे, अशी आपली एक समजूत आहे. केशव दैवज्ञांची तशी नव्हती. पुढच्यांनी सुधारावे म्हणूनच त्यांनी मागे ठेवले. आपणही मागे ठेवावे ते असे, की पुढच्यांना ते उघडता येईल आणि दुरुस्तही करता येईल.