तांबडे पाणी आणि दर्याचा दुष्काळ

देशावरील माणसाची समुद्राशी ओळख बहुधा बाजारातच होते. औंधसारख्या गावी समुद्र येतो तो खाऱ्या बांगड्याच्या आणि सुकटीच्या रूपाने, घाट चढून. टोपली रिकामी आली की भाव चढला एवढेच आपणांस कळते. पाऊस चुकला तर आभाळ सर्वांस दिसते. दर्याचा दुष्काळ मात्र पाण्याखाली पडतो.

२०१५ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर तांबड्या खेकड्यांचे एवढे थवे वाहून आले की वाळूच लाल दिसू लागली. हे बोटभर लांबीचे खेकडे सदा तळाशी न राहता पाण्यात तरंगत असतात व समुद्र ऊन झाला म्हणजे दक्षिणेकडून वर सरकतात. गेदरीसारखे मोठे मासे त्यांवर ताव मारतात. तिकडे त्यांस ‘गेदरीचे खेकडे’ अशा अर्थाचेच नाव पडले आहे. म्हणजे तेथे तांबडा रंग केवळ अपशकुनाचा नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्याला जी लाली येते, तिचा इतिहास निराळा आहे.

मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ साली मलबार किनाऱ्यावरील मत्स्यसंहाराविषयी लिहिले, आणि त्याचा दोष एका डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवावर ठेवला. पुढे १९५४ साली सुब्रह्मण्यन यांनी तशाच एका जीवाचे सविस्तर वर्णन करून त्यास हॉर्नेलांचेच नाव दिले: ‘हॉर्नेलिया मरीना’. आज शास्त्रज्ञ त्याची गणना ‘चॅटोनेला’ या कुळात करतात. याच कुळातील जीवाने १९७२ साली जपानच्या अंतर्समुद्रात पाळलेल्या माशांपैकी सुमारे १ कोटी ४० लक्ष मासे मारले. मारेकऱ्याला संशोधकाचे नाव देण्याची ही रीत मला जरा चमत्कारिक वाटते; असो.

दुसरा आरोपी ‘नॉक्टिल्यूका’. हा खसखशीच्या दाण्याएवढा, पारदर्शक. नैर्ऋत्येचे वारे वाहू लागले की खोल पाणी किनाऱ्याजवळ वर येते, त्यातील क्षारांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्या खाऊन नॉक्टिल्यूका इतका वाढतो की पाणी तांबूस व दाट होते. त्याच्या अंगी अमोनिया साठतो; तो मरून कुजू लागला की पाण्यातील प्राणवायूही घटतो. जून १९३५ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर मासे मेले, त्याचा ठपका गोपाळ अय्यर यांनी यावरच ठेवला. १९५० साली भीमाचार आणि जॉर्ज यांनी मलबार व कानडा किनाऱ्यावरील मासेमारीला एकाएकी बसणाऱ्या धक्क्यांचे संभाव्य कारण म्हणून या तांबड्या पाण्याकडेच बोट दाखविले. मासे मरतातच असे नाही. पुष्कळदा ते नुसते दूर निघून जातात. कोळ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

या निष्कर्षाला एक पूर्वपीठिका आहे. तारली कमी झाली म्हणून १९४३ साली मद्रास सरकारने लहान तारली धरण्यावर बंधने घातली होती. ती थोड्याच वर्षांत उठविण्यात आली. अपराधी कोण, कोळी की समुद्र, हा वाद तेव्हापासूनचा. मला स्वतःला सर्व भार तांबड्या पाण्यावर टाकणे पटत नाही. केरळात २०१२ साली सुमारे ४ लक्ष टन तारली मिळाली, आणि २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. एवढी उतरण एखाद्या मोसमातील लालीने व्हावी हे संभवत नाही. समुद्राची उष्णता आणि यांत्रिक नौकांची हाव यांचाही हिशेब मांडावा लागेल. पण त्यामुळे लाली निर्दोष ठरत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढणाऱ्या मंडळींत मिळेल त्याचे वाटे पडतात. मासा किनारा सोडून गेला तर त्या मोसमात वाटायलाच काही उरत नाही.

मौज अशी की हाच नॉक्टिल्यूका रात्री निळसर प्रकाशतो. काळोख्या पंधरवड्यात पाण्याखालून बांगड्याचा थवा सरकला की त्याच्या वाटेवर उजेड उठतो, आणि किनाऱ्यावरचे जुने कोळी त्या उजेडावरूनच थवा कुठे आहे आणि कुठल्या अंगास वळतो आहे हे ताडून जाळे सोडीत आले आहेत.